उंदीर बरा झाला, मग माझ्या भावाला औषध कधी?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. भाऊ २४ वर्षांचा, एमडीआर टीबी (नेहमीच्या मुख्य औषधांना दाद न देणारा) निघालाय, उपचार अजून सुरू व्हायचेत. त्यातच पेपरात बातमी आली की परदेशी शास्त्रज्ञांना टीबीवर नवा रेणू सापडला आणि उंदरांमधला टीबी साफ नाहीसा झाला. तुम्ही विचारताय, हे औषध माणसापर्यंत यायला दहा-पंधरा वर्षं कशाला लागतात? कंपन्या मुद्दाम दाबून ठेवतात का? आणि भावाचं नाव एखाद्या चाचणीत घालता येईल का?

मी छातीच्या विकारांचा डॉक्टर. मुंबईतल्या एका सरकारी रुग्णालयात वीसेक वर्षं टीबीचे रुग्ण बघतोय, मधली काही वर्षं औषधांच्या चाचण्यांवरही काम केलं. तेव्हा दोन्ही बाजू थोड्याफार माहीत आहेत.

आधी भावाचं बोलू. बातमीतला रेणू त्याच्या कामाचा नाही, तो विषय डोक्यातून काढा. पण हाच प्रवास पूर्ण करून आलेली औषधं आज आपल्याकडे आहेत. बेडाक्विलिन, प्रीटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन या चार औषधांचा, सगळा गोळ्यांचा, सुमारे २६ आठवड्यांचा कोर्स (बीपाल्म म्हणतात त्याला) भारत सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर केला. तो राष्ट्रीय टीबी कार्यक्रमातून फुकट मिळतो. मी शिकत होतो तेव्हा याच आजाराला दीड-दोन वर्षं लागायची, त्यातले कित्येक महिने रोज इंजेक्शन, आणि त्या इंजेक्शनांनी काहींचे कान कायमचे जायचे. तुमच्या भावाला हा कोर्स बसेल की नाही हे मी इथून सांगू शकत नाही. जंतू कोणकोणत्या औषधांना दाद देत नाही, आजार फुप्फुसातच आहे की मेंदूत किंवा हाडात, ही औषधं त्याने आधी घेतली आहेत का, रक्त, लिव्हर आणि ईसीजी कसे आहेत, यावर ते ठरतं. डीआर-टीबी सेंटरला, म्हणजे औषधांना दाद न देणाऱ्या टीबीच्या केंद्रात, हे सगळं बघतात.

आता मूळ प्रश्न. मला वाटतं गोंधळ ‘सापडलं’ या शब्दात आहे. बातमी वाचून असं वाटतं की औषध तयार आहे, फक्त गोदामातून दुकानात यायचंय. खरं म्हणजे त्या दिवशी हातात असतो एक रेणू आणि एक अंदाज. किती द्यायचा, कशाबरोबर द्यायचा, कोणाला अजिबात द्यायचा नाही, हे काहीच माहीत नसतं. आणि माझ्या लेखी हे माहीत होणं म्हणजेच औषध.

वरच्या यादीतल्या प्रीटोमॅनिडचंच उदाहरण घ्या. त्याची गोष्ट आपल्या गोरेगावातून जाते, आणि हे आमच्या खात्यातल्या निम्म्या डॉक्टरांनाही ठाऊक नसतं. गोरेगावला हिंदुस्थान सिबा-गायगी या औषध कंपनीचं संशोधन केंद्र होतं. तिथे नागराजन आणि त्यांचे सहकारी नायट्रोइमिडाझोल या कुळातल्या रेणूंवर काम करत होते. मेट्रोनिडाझोल, आपण जुलाबावर घेतो ते, याच कुळातलं. १९८९ मध्ये त्यांनी जाहीर केलं की यातले काही रेणू टीबीच्या जंतूला मारतात. त्यातला सीजीआय-१७३४१ नावाचा रेणू सर्वात जोरदार निघाला. उंदरांमध्येही चालला. १९९३ मध्ये त्याचा पेपर आला. आज ही बातमी असती तर तुम्ही नेमका हाच प्रश्न विचारला असता.

पण तो रेणू म्युटाजेनिक होता. म्हणजे जिवंत पेशीच्या जनुकात बदल घडवणारा. हे तपासायची एक साधी चाचणी असते, एका प्रकारच्या जंतूंवर करतात. तिच्यात रेणू नापास झाला तर पुढे कॅन्सरचा धोका असू शकतो. टीबी बरा करून दहा वर्षांनी कॅन्सर हातात ठेवायचा, असं औषध कोण देणार? काम थांबलं.

पुढे सिअ‍ॅटलच्या पॅथोजेनेसिस नावाच्या कंपनीतल्या लोकांनी तोच धागा उचलला. रेणूमधलं पाच अणूंचं एक वलय त्यांनी सहा अणूंचं केलं, त्याला वेगवेगळ्या शेपट्या जोडल्या आणि असे तीनशेच्या वर रेणू बनवून पाहिले. त्यातून पीए-८२४ निघाला. जंतू मारायचा, पण म्युटाजेनिक नव्हता. २००० साली हे प्रसिद्ध झालं. त्याच वर्षी कंपनी विकली गेली आणि २००२ मध्ये रेणूचे हक्क टीबी अलायन्स या ना-नफा संस्थेकडे आले. पीए-८२४ म्हणजेच आजचं प्रीटोमॅनिड. अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली ऑगस्ट २०१९ मध्ये. गोरेगावच्या पेपरपासून मोजलं तर ३० वर्षं.

मधल्या काळात लोक झोपले होते का? नाही. २००५ च्या सुमाराला ते पहिल्यांदा माणसांना दिलं, तेही निरोगी स्वयंसेवकांना. काहींच्या रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारा आकडा, वाढलं. किडनी खराब होतेय की नुसता आकडा वर जातोय? हे कळायला वेगळा अभ्यास करावा लागला. निष्पन्न झालं की किडनीला इजा नाही, औषध थांबवलं की आकडा उतरतो. म्हणजे एका आकड्यासाठी एक अख्खा अभ्यास. मग डोस. दक्षिण आफ्रिकेत टीबीच्या रुग्णांना १४ दिवस फक्त हेच औषध दिलं, कोणाला २०० मिलिग्रॅम, कोणाला १२०० पर्यंत, आणि रोजच्या थुंकीत जंतू किती घटतात ते मोजलं. २०० ला जेवढे मेले तेवढेच १२०० ला. हा अभ्यास झाला नसता तर रुग्णांनी सहापट औषध पोटात ढकललं असतं, उपयोग काडीचा नाही आणि त्रास मात्र सगळा.

उंदराबद्दलही थोडं स्पष्ट बोलतो, कारण बातमीचा सगळा भर तिथेच असतो. उंदराशिवाय आमचं चालत नाही, पण उंदीर आम्हाला फसवतोही. मॉक्सिफ्लॉक्सासिन घातलं तर साध्या टीबीचा सहा महिन्यांचा कोर्स चार महिन्यांवर येईल, असं उंदरांवरून वाटत होतं. रीमॉक्स नावाची मोठी चाचणी झाली, १९३१ रुग्ण, २०१४ मध्ये निकाल. सुरुवातीला थुंकी लवकर स्वच्छ झाली, सगळे खूश. पण औषध संपल्यावर चार महिनेवाल्यांमध्ये आजार उलटण्याचं प्रमाण जास्त निघालं. उंदराच्या भरवशावर आम्ही आधीच कोर्स कमी केला असता तर ते उलटलेले रुग्ण आमच्या ओपीडीत बसले असते.

टीबीत वेळ लागण्याचं मुख्य कारण इथेच आहे. ब्लडप्रेशरच्या गोळीचा गुण काही आठवड्यांत कळतो. टीबीचा जंतू एकाचे दोन व्हायला वीसेक तास घेतो. कल्चर निगेटिव्ह, म्हणजे थुंकीतून जंतू वाढलाच नाही, असं म्हणायला लॅब ४२ दिवस थांबते. रुग्ण बरा झाला का, हे औषध संपल्यावर निदान सहा महिने, बहुतेकदा वर्ष-दीड वर्ष त्याच्यावर नजर ठेवल्याशिवाय म्हणता येत नाही. आता हिशेब करा. रुग्ण गोळा करायला दोन वर्षं, शेवटच्या रुग्णाचा कोर्स सहा महिने, त्याच्यावर नजर वर्षभर, वर आकडेमोड. एका चाचणीला चार वर्षं सहज जातात, आणि अशा दोन-तीन एकापाठोपाठ एक लागतात. यात कोणी फाइल अडवलेली नसते.

दुसरी गोष्ट, वरच्यासारखा १४ दिवसांचा अभ्यास सोडला तर टीबीचं नवं औषध एकटं कधीच द्यायचं नसतं. आम्ही हे फार महाग शिकलो. १९४८ मध्ये ब्रिटनमधल्या स्ट्रेप्टोमायसिनच्या प्रसिद्ध चाचणीचा निकाल छापून आला. १०७ रुग्ण, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटलेले. एका गटाला नुसता अंथरुणात आराम, दुसऱ्याला आराम आणि स्ट्रेप्टोमायसिन. सहा महिन्यांत आरामवाल्या ५२ पैकी १४ गेले, औषधवाल्या ५५ पैकी फक्त ४. चमत्कारच म्हणायचा. पाच वर्षांनी मोजलं तेव्हा आरामवाले ३५ गेले होते आणि औषधवाले ३२. एकट्या औषधाला जंतू सरावला होता. त्यामुळे नवा रेणू आला की तो कोणाच्या जोडीने द्यायचा, त्या जोडीदाराशी त्याचं पटतं का, हे वेगळं शोधावं लागतं. बेडाक्विलिनचंच बघा. नेहमीच्या टीबीतलं रिफाम्पिसिन सोबत दिलं तर लिव्हर बेडाक्विलिन इतक्या झपाट्याने संपवते की रक्तात ते निम्म्याच्या आसपास उरतं. केमिस्टकडून एखादी नवी गोळी मिळवून भावाच्या औषधांत भर घालू नका म्हणून सांगतो, ते यासाठी.

बेडाक्विलिनबद्दल आणखी एक सांगायला हवं, कारण ‘मंजूर झालं म्हणजे संपलं’ हा दुसरा गैरसमज. हे औषध बेल्जियममधल्या कोएन आंद्रिस यांच्या गटाने शोधलं. टीबीच्या जंतूचा एक निरुपद्रवी, भराभर वाढणारा भाऊबंद आहे, त्याच्यावर त्यांनी असंख्य रेणू टाकून पाहिले. एक लागू पडला. तो जंतूला कसा मारतो हे मात्र कोणालाच माहीत नव्हतं. मग त्यांनी मुद्दाम या औषधाला न जुमानणारे जंतू वाढवले, त्यांची अख्खी जनुकं वाचली आणि कुठे बदल झालाय ते शोधलं. बदल सापडला जंतूला ऊर्जा पुरवणाऱ्या यंत्राच्या जनुकात. औषध त्या यंत्रालाच खीळ घालतं. घरमालकाने कोणतं कुलूप बदललं यावरून चोर कुठल्या दारावर होता हे ओळखायचं, तसंच हे. मला स्वतःला हा सगळ्या प्रकरणातला सर्वात देखणा भाग वाटतो.

डिसेंबर २०१२ मध्ये अमेरिकेने त्याला घाईची, सशर्त मंजुरी दिली. १६० रुग्णांच्या चाचणीत बेडाक्विलिनवाल्यांची थुंकी लवकर स्वच्छ झाली होती, निम्मे रुग्ण ८३ दिवसांत, तर दुसऱ्या गटात १२५ दिवसांत. पण चाचणीच्या एकूण हिशेबात बेडाक्विलिनच्या ७९ पैकी १० जण दगावले होते आणि दुसऱ्या गटातले ८१ पैकी २. आता तुम्ही माझ्या खुर्चीत बसा. थुंकी लवकर साफ करणारं औषध, आणि मृत्यू जास्त. द्याल? मृत्यूंचा औषधाशी थेट धागा जुळत नव्हता, पण नाही असंही छातीठोक म्हणता येईना. औषधावर ठळक इशारा छापला गेला. उत्तर मिळालं पुढच्या काही वर्षांत. दक्षिण आफ्रिकेने ते हजारो रुग्णांना दिलं, नोंदी नीट ठेवल्या आणि त्या नोंदींत बेडाक्विलिन घेणाऱ्यांत मृत्यू कमी दिसले. भारतात २०१६ पासून आधी मोजक्या सहा केंद्रांत, ईसीजी काढत काढत ते सुरू झालं. तेव्हा बाहेर रांगेत उभे असलेले नातेवाईक आमच्यावर चिडायचे. त्यांचा राग मला चुकीचा वाटला नाही. सहा केंद्रं या देशाला कमीच होती. पण ते १० आणि २ आकडे डोक्यात असले की सही करताना हात जड होतो.

इथवर एवढं लक्षात ठेवा: प्रयोगशाळा सांगते जंतू मरतो का, आणि उरलेली सगळी वर्षं जातात माणूस जगतो का हे बघण्यात.

लिनेझोलिडची गोष्ट वेगळी. ते टीबीसाठी बनलेलंच नाही. २००० मध्ये दुसऱ्या जंतूंसाठी आलं, तेही थोड्या आठवड्यांपुरतं. टीबीत ते महिनोन् महिने द्यावं लागतं आणि मग ते नसांवर, रक्तावर उठतं. बेडाक्विलिन, प्रीटोमॅनिड आणि लिनेझोलिड या तिघांची पहिली चाचणी, निक्स-टीबी, दक्षिण आफ्रिकेत झाली. १०९ रुग्ण, सगळे जवळपास आशा सोडलेले. त्यातले ९८ बरे झाले. पण लिनेझोलिड रोज १२०० मिलिग्रॅम होतं आणि शंभरातल्या ८१ जणांना हातापायांच्या नसांचा त्रास झाला. म्हणून पुढची चाचणी, झेनिक्स. त्यात लिनेझोलिड ६०० वर आणलं, तर बरे होण्याचं प्रमाण ९१ टक्के राहिलं आणि नसांचा त्रास २४ टक्क्यांवर आला. पहिला निकाल आल्यावर ‘आता लगेच सगळ्यांना द्या’ म्हणणारे खूप होते. दिलं असतं तर जीव वाचले असते आणि बरेच जण पाय गमावल्यासारखे चालले असते.

पाय गमावल्यासारखे म्हणजे काय ते सांगतो. माझ्याकडे चाळिशीतला एक रिक्षावाला होता, लिनेझोलिडवर. दर महिन्याला मी विचारायचो, पायाला मुंग्या, बधिरपणा? ‘काही नाही साहेब, एकदम फिट.’ चौथ्या महिन्यात तपासून झाल्यावर तो उठला, नमस्कार केला आणि निघाला. दारापर्यंत गेला तेव्हा सिस्टर म्हणाल्या, अहो, चप्पल! एक चप्पल पायात होती, दुसरी माझ्या टेबलाखालीच राहिली होती. त्याला पत्ताच नव्हता. परत बसवून पायाच्या अंगठ्याच्या हाडावर ट्यूनिंग फोर्क (कंप जाणवतो का हे बघायचा धातूचा चिमटा) टेकवला, तो टेबलापर्यंत घुमत होता आणि हा माझ्याकडे बघत होता, ‘लावलं का साहेब?’ का सांगितलं नाहीस विचारलं, तर म्हणाला, ‘सांगितलं असतं तर तुम्ही औषध बंद केलं असतं.’

आता कंपन्यांचं. मुद्दाम दाबतात का? पुरावा नसताना मी तसं म्हणणार नाही, पण टीबीकडे पाठ फिरवतात हे मात्र उघड आहे. रुग्ण गरीब, औषध सहा महिन्यांत संपणार, जन्मभर विकत घ्यायला कोणी नाही. नव्या वर्गातलं टीबीचं औषध यायला बेडाक्विलिनपर्यंत चाळीस वर्षं लागली, त्यात विज्ञानाच्या अडचणीइतकाच हा हिशेब होता. आणि औषध आल्यावर किमतीचा प्रश्न असतोच. बेडाक्विलिनचं मूळ पेटंट भारतात जुलै २०२३ मध्ये संपणार होतं. कंपनीने औषधाच्या क्षाराच्या रूपावर आणखी एक पेटंट मागितलं, ते मिळालं असतं तर मक्तेदारी आणखी काही वर्षं लांबली असती. त्याला हरकत घेतली मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांनी. दोघींनी टीबी भोगलेला, जुन्या औषधांपायी दोघींची श्रवणशक्ती गेलेली. मार्च २०२३ मध्ये पेटंट ऑफिसने तो अर्ज फेटाळला आणि स्वस्त जेनेरिकची वाट मोकळी झाली. तेव्हा तुमचा संशय अगदीच हवेत नाही. फक्त तो प्रयोगशाळेपाशी कमी आणि पेटंटच्या टेबलापाशी जास्त लागू पडतो.

राहिली चाचणी. उंदरावरून नुकत्याच उतरलेल्या रेणूच्या चाचणीत रुग्णाला प्रवेश नसतोच, त्या आधी निरोगी लोकांवर होतात. पुढच्या टप्प्यांतल्या चाचण्या भारतात चालतात आणि त्या सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत नोंदवणं बंधनकारक आहे. ती कोणालाही मोफत बघता येते. तिथे नोंद नसेल तर त्या ‘चाचणी’च्या जवळपास फिरकू नका. रुग्णाकडून पैसे मागितले तरी तेच. माहितीपत्रक मराठीत मागा, घरी न्या, दोन दिवस वाचा. चाचणीतून केव्हाही बाहेर पडता येतं आणि तरी नेहमीचे उपचार बंद होत नाहीत, हे लेखी असतं. औषधामुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई, हेही. पण चाचणी मिळेल या आशेवर भावाचे उपचार एक आठवडाही लांबवू नका. एमडीआर टीबीत थांबण्याचं भाडं फुप्फुस भरतं, आणि घरातल्या बाकीच्यांनाही लागण होऊ शकते.

सेंटरला जाताना जुने सगळे कागद न्या, आधी घेतलेल्या गोळ्यांची पाकिटं असतील तर तीही. तीन गोष्टी विचारा: कोणकोणत्या औषधांची रेझिस्टन्स तपासणी (जंतू दाद देतो का) झाली आणि कोणाचे निकाल यायचेत, बीपाल्म बसत नसेल तर नेमकं कशामुळे, आणि ईसीजी, रक्त, नजर यांच्या तपासण्या किती दिवसांनी. नजरेसाठी रंगीत ठिपक्यांच्या पानांवरचे आकडे वाचायला लावतात, ते भावाने घाईघाईत उरकू नये. बेडाक्विलिन जेवणासोबत घ्यायचं, उपाशीपोटी ते अंगात नीट भिनत नाही.

आणि पायाला मुंग्या आल्या, चप्पल निसटली, अक्षर धूसर झालं, तर त्याच दिवशी सांगायचं. लवकर सांगितलं तर बहुतेक वेळा डोस कमी करून किंवा थोडे दिवस थांबवून गाडी पुढे नेता येते. रिक्षावाल्याचा टीबी बरा झाला. पायाची नस मात्र अजून पुरती परतलेली नाही, ब्रेक दाबताना खाली बघावं लागतं म्हणतो.